खोलीचे तीस सेकंद

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं. एफी लॅमंटची नोकरी माझ्यामुळे गेली. फर्गसमुळे नाही, वकिलामुळे नाही, मंत्र्याच्या माणसांनी पाळत ठेवली म्हणूनही नाही. माझ्यामुळे. आणि हे कळल्यावर मी चार महिने तोंड शिवून बसले.

मी आवाज कापते. ग्लासगोत क्लाईडच्या काठी एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. सात माणसं, दोन स्टुडिओ, एक किटली. आम्ही पॉडकास्ट करतो. कुणी कुणाला काय विकलं, कुणाच्या सहीने विकलं, कुठल्या साहेबाचा मेहुणा कुठल्या कंपनीत जाऊन बसलाय, हे सगळं. बातमीदार बाहेर जाऊन लोकांना बोलतं करतात आणि तासन्‌तास भरून आणतात. मी त्यातली चाळीस मिनिटं ठेवते, बाकीचं कचऱ्यात. सत्तावीस वर्षं हेच करतेय, आधी रेडिओत, आता इथे. नवरा म्हणायचा, रोना, तू एक दिवस माझ्या बोलण्यातले श्वाससुद्धा कापशील. तो गेला. म्हणजे मेला नाही, एडिंबराला गेला. ते एक असो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मुलाखत संपली की बातमीदार म्हणतो, आता तीस सेकंद कुणी बोलू नका. सगळे हाताची घडी घालून गप्प बसतात आणि टेप चालूच राहते. याला आम्ही खोली घेणं म्हणतो. कारण कुठलीच खोली खरी गप्प नसते. कुठे पाइप वाजतो, कुठे खिडकीची काच थरथरते, कुठे खालच्या मजल्यावरचा टीव्ही. दोन वाक्यांच्या मधलं काही कापलं की तिथे भोक पडतं, आणि ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं वाटतं. म्हणून त्याच खोलीचा तुकडा तिथे भरायचा, जसं स्वेटरचं भोक त्याच लोकरीने रफू करतात तसं. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावते, बाबांनो, पेन विसरा, जेवण विसरा, पण खोली विसरलात तर माझ्या दारात येऊ नका.

आता फर्गसकडे येते. फर्गस ड्रायझडेल आमच्याकडचा सगळ्यात नवा बातमीदार, एकोणतीस वर्षांचा, पायात कायम ओले बूट. गेल्या ऑक्टोबरात तो माझ्या दारात उभा राहिला.

"रोना, मला बाई सापडली."

"लग्नाची की कामाची?"

"कामाची."

"अरेरे."

ती बाई म्हणजे एफी. वय एकसष्ट. ग्रीनॉक बंदरात माल पाठवणाऱ्या एका कंपनीत ती चौतीस वर्षं कागद टाइप करत होती. कुठली पेटी, कुठल्या जहाजावर, आत काय, घेणारा कोण. नवरा आजारी म्हणून दोन वर्षांपासून ती बहुतेक काम घरून करायची, मंगळवारी तेवढी ऑफिसला जायची. त्या कंपनीतून आखातातल्या एका बंदराला पेट्या जात होत्या, कागदावर लिहिलेलं असायचं 'शेतीच्या पंपांचे सुटे भाग'. मग एक दिवस एफीने बातम्यांत फोटो पाहिला. सुदानमधला एक बाजार, ड्रोनचे तुकडे, आणि एका तुकड्यावर ठोकलेला आकडा. तो आकडा तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. "मला माणसांची नावं आठवत नाहीत," टेपवर ती म्हणते, "पण आकडा मी विसरत नाही." फर्गसने पुढे खणलं तेव्हा कळलं, ज्या उपमंत्र्याच्या खात्यातून परवाने निघत होते त्याचा सख्खा भाऊच त्या पेट्या विकत होता. घरचाच परवाना, घरचाच दुकानदार.

एफीची अट एकच होती. मी कोण ते कुणाला कळता कामा नये. विलीला, म्हणजे नवऱ्याला, सोडून मला कुठे जाता येणार नाही, आणि एवढी वर्षं काढली त्या टेबलाशीच मला निवृत्त व्हायचंय, असं ती म्हणाली. फर्गसने तिचा हात धरून शब्द दिला. मग ऑफिसात आम्ही सगळ्यांनीच दिला.

शब्द पाळायची आमची पद्धत ठरलेली आहे. माणसाचा खरा आवाज बाहेर जातच नाही. त्याचं बोलणं लिहून काढायचं आणि एखाद्या नटाकडून वाचून घ्यायचं. वकील लाल पेन्सिल घेऊन बसतो. "चौतीस वर्षं" काढून "बरीच वर्षं" घाला, "मंगळवार" काढा, "ग्रीनॉक" काढून "एक बंदर" लिहा. एफीला फर्गसने एक वेगळा फोन दिला होता, फक्त त्याच्याशी बोलायला, आणि भाग बाहेर पडायच्या आदल्या दिवशी तो फोन पाण्यात टाकायचा असं सांगून ठेवलं होतं. भाग बाहेर पडला की मुलाखतीची मूळ टेप मी पुसायची. सगळं कसं कडेकोट.

त्याच भागात त्या बाजाराचीही टेप होती. कुणीतरी फोनवर घेतलेली, बारा सेकंदांची. आधी नुसती वर्दळ, मग तो स्फोटाचा आवाज, मग एक बाई कुणाचं तरी नाव घेऊन ओरडते. ते नाव निवेदनाच्या आड येत होतं म्हणून मी सातव्या सेकंदाला कापलं. दोनशे वेळा तरी ऐकली असेल मी ती टेप. पहिल्यांदा मी हेडफोन काढून ठेवला. दहाव्यांदा मी म्हणत होते, फोनच्या माइकने आवाज फाडलाय, वरची कर्कश बाजू जरा खाली घ्यावी लागेल. विसाव्यांदा ती ऐकता ऐकता मी सॉसेज रोल खाल्ला. वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचंही वाईट वाटलं नाही.

एफीचं बोलणं वाचायला आम्ही डंडीची एक नटी आणली. चांगली होती बिचारी. पण स्टुडिओत बसून वाचलेलं ते स्टुडिओत बसून वाचलेलंच. मॉर्व्हेन आमची संपादक, चष्मा डोक्यावर ठेवून सगळ्या टेबलांवर शोधत फिरणारी. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि कानांवरून हेडफोन काढला.

"ही टूथपेस्ट विकतेय का गं?"

"आवाज चांगला आहे तिचा."

"आवाज चांगलाच आहे, बाई मेलेली आहे. मला स्वयंपाकघरात बसलेली, घाबरलेली बाई हवी. जीव घाल तिच्यात."

जीव कुठून घालणार? मी फर्गसची टेप काढली. शेवटी तीस सेकंद होतेच, एफीच्या स्वयंपाकघराची खोली. मंद घरघर, आणि दर चार सेकंदांनी एक बारीकसं फुस्स. जुना फ्रिज असेल, नाहीतर बॉयलर, असं मला वाटलं. मला तर सोनंच सापडलं. अगदी शेवटी दाराआडून कुणा पुरुषाचा आवाज येत होता, तेवढी शेपूट मी कापून टाकली. उगाच धोका कशाला? मनातल्या मनात स्वतःच्या सावधपणाचं कौतुकसुद्धा केलं. बावीस सेकंद उरले. ते एकापुढे एक जोडत नटीच्या आवाजाखाली अंथरले आणि बाई जिवंत झाली.

मॉर्व्हेन म्हणाली, "रोना, तू चेटकीण आहेस."

वकिलाने शब्दन्‌ शब्द तीनदा तपासला. शब्द नसलेली जागा कोण तपासतं? तिथे फक्त मी असते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहाला भाग बाहेर पडला. दुपारपर्यंत सगळीकडे तेच. संसदेत प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी आमच्याकडून उचलून मोठमोठे मथळे दिले, आणि नवव्या दिवशी उपमंत्र्याने कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून राजीनामा दिला. मॉर्व्हेनने केक आणला. केक खात असतानाच फर्गसच्या नावाने पत्र आलं. साध्या लिफाफ्यात, निळ्या शाईत, तीन ओळी.

'भाग आला त्याच दिवशी मला कामावरून काढलं. आता पत्र लिहायला हरकत नसावी. तुझा दोष नाही. ए. लॅमंट.'

फर्गस पत्र घेऊन माझ्या खोलीत आला आणि दार लावलं.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तिच्या घराखाली चिप्सचं दुकान आहे. मी तिथे तीनदा चिप्स घेतले. कार्डावर. माझं नाव, तारीख, वेळ, सगळं छापून ठेवलं मी गाढवाने."

"चिप्सवरून कोण कुणाला शोधतं रे?"

"मग कशावरून शोधलं? सांग ना. आणि तो माणूस मागच्या खोलीत चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनवर. त्याला घेऊन ती काय करेल आता?"

माझा हात किटलीवर होता. मी विचारलं, "कसलं मशीन?"

"असतं ते, हवेतून ऑक्सिजन काढणारं. घरघरत राहतं, मधूनमधून फुस्स करतं. दहा मिनिटं बसलं की आपल्याला ऐकूही येत नाही." तो खाली बसला. "मी तिला शब्द दिला होता, रोना."

तो गेल्यावर मी हेडफोन घातला आणि आमचा भाग लावला. नटी म्हणत होती, मी बरीच वर्षं कागद टाइप करते. तिच्या मागे फुस्स. एक, दोन, तीन, चार. फुस्स. दोन वर्षं एफी घरून काम करत होती. दोन वर्षं रोजच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तिच्या ऑफिसातल्या प्रत्येक माणसाने तिच्या बोलण्यामागे हेच ऐकलं होतं. आम्ही तिचा आवाज लपवला, नाव लपवलं, गाव लपवलं, आणि तिचं घर तसंच्या तसं जगाला ऐकवलं.

मी काय केलं? माझ्याकडे खोल्या आहेत, सत्तावीस वर्षांच्या, चारशेच्या वर. कुणी चमचे जमवतं, कुणी तिकिटं, मी खोल्या जमवते. मुलाखती पुसल्या तरी खोल्या ठेवते. त्यातून पेस्लीच्या एका म्हातारीचं स्वयंपाकघर काढलं, पंधरा वर्षांपूर्वीचं, आणि एफीच्या जागी भरलं. नवी फाइल चढवली. दुपारचा एक वाजला होता. मग बाहेर जाऊन उरलेला केक खाल्ला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला काही कळलं नाही, आणि मलाही काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण एखाद्या रिकाम्या ट्रॅकवर नुसती सपाट रेघ धावावी तसं आत काहीतरी सपाट धावत होतं.

फर्गसने बाहेर जाणं सोडलं. जुन्या टेपा लावायचं काम मागून घेतलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी कोरड्या बुटांत बसू लागला. एप्रिलमध्ये विली लॅमंट वारला. फर्गस दफनाला जाऊन आला, दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तिने मला चहाला बोलावलं. मी आत जाऊ शकलो नाही." मी म्हटलं, "असं मनाला लावून घेऊ नये." असं म्हणायला माझी जीभ कशी रेटली ते माझं मलाच माहीत नाही.

जूनमध्ये बक्षीस मिळालं. उत्तम ध्वनिरचना. मॉर्व्हेनने मूळ भाग पहिल्याच आठवड्यात स्पर्धेला पाठवला होता. सगळ्यांना उभं करून तिने परीक्षकांचं पत्र वाचलं. 'या भागात स्वयंपाकघर जणू श्वास घेताना ऐकू येतं.' टाळ्या पडल्या. फर्गसने पण वाजवल्या, अगदी मनापासून, माझ्याकडे बघून. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. मग शनिवारी गाडी काढली आणि ग्रीनॉकला गेले. पत्ता फर्गसच्या वहीत होता.

तिसरा मजला, दगडी जिना, दारावर पितळेची पाटी. दार उघडलं ती बुटकी बाई होती, करड्या केसांची, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या, हातात बटाटा सोलायची सुरी.

"काही विकायचं असेल तर नको."

"मी रोना. रोना मॅकफेल. फर्गसच्या ऑफिसातून आलेय. मी तिथे आवाज जोडते."

तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"म्हणजे मशीन ठेवलंस ती तू," ती म्हणाली. "ये आत. बूट पूस."

मी टेबलाशी बसले. हे स्वयंपाकघर मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होते. सवयीने कान दिला. फ्रिज होता, पण नवा, जवळपास मुका. खिडकी बंद. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत गादी नसलेली कॉट. ऐकण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

मी वाक्य घोकून आले होते. ते बाहेर येईना. मी म्हटलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून." तिने चहाचं पाणी ठेवलं. "सकाळी सहाला विलीचं सगळं आवरलं आणि ती बटणं कानात घालून इथेच बसले. ती पोरगी बोलायला लागली. माझंच बोलणं, पण इतक्या गोड आवाजात की मला हसू आलं. आणि मग तिच्या मागे विली. मला वाटलं, त्या खोलीतलं ऐकू येतंय. म्हणून मी जिन्यात जाऊन ऐकलं. जिन्यातही तेच."

"मग लगेच फोन करायचा ना फर्गसला. मी दहा मिनिटांत—"

"कुठल्या फोनवरून? तो फोन मी आदल्या संध्याकाळी क्लाईडमध्ये टाकला. तुमच्याच पोराने सांगितलं होतं. घरच्या फोनवरून काही झालं तरी करू नका, तेही त्यानेच सांगितलं होतं. मी सांगितलेलं ऐकते बाई. शाळेतही ऐकायची."

"मग?"

"मग काय? ब्लाऊजला इस्त्री केली. मंगळवार होता, ऑफिसचा वार. गेले." तिने कप मांडले. "अकरा वाजता क्रॉम्बीसाहेब टेबलाशी आले. आमचे मॅनेजर. चांगला माणूस हो, विलीला फळं पाठवायचे. तोवर सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मला म्हणाले, 'एफी, विलीचं मशीन कसं चाललंय?' मी म्हटलं, 'ठीक चाललंय, साहेब.' म्हणाले, 'फार आवाज करतं, नाही?' एवढंच. मी पर्स उचलली."

ती हे सगळं बाजारभाव सांगावेत तसं सांगत होती.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मला फ्रिज वाटला."

"फ्रिज!" ती पहिल्यांदाच हसली, नाकातून. "बेचाळीस वर्षं मी त्याला आळशी म्हटलं, दारुडा म्हटलं, घोरणारा रेडा म्हटलं. फ्रिज कुणी म्हटलं नव्हतं. आवडलं असतं त्याला."

"एफीबाई, मी तुमची—"

"माफीबिफी मागू नकोस. मी देणार नाहीये. चहा पी, निवतोय."

चहा प्यायले. तिने बटाटे पुढे ओढले.

"तो मंत्री कुठे असतो आता?"

"एका बँकेच्या संचालक मंडळावर."

"आणि पेट्या?"

"दुसऱ्या बंदरातून जातात, असं ऐकलंय."

"पंपांचे भाग म्हणून?"

"आता दूध काढायच्या यंत्रांचे."

"हं." तिने एक बटाटा सोलून पाण्यात टाकला. "आणि त्या पोराला सांगितलंस का?"

मी मान हलवली.

"नाही?"

"नाही."

"चार महिने?" सुरी थांबली. "अगं, दफनाच्या दिवशी तो फाटकाशी उभा राहून रडत होता. चिप्स, चिप्स करत. मी म्हटलं, चिप्समुळे नाही रे राजा. ऐकायला तयार नाही. माझा नवरा पेटीत आणि मी या परक्या पोराची समजूत घालतेय. मशीनचं सांगावं तर टेप त्याचीच, तेही स्वतःवरच घेतलं असतं. कुणी केलं ते तेव्हा मला माहीत नव्हतं, नाहीतर तिथल्या तिथे सांगितलं असतं. त्याला सांग. सोमवारी नाही. आज."

"सांगते."

"आज म्हण."

"आज सांगते."

मला लाज वाटली. खरी, कानशिलं तापवणारी लाज. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे.

तिने आणखी एक बटाटा सोलला. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी शेवटी त्याने मला गप्प बसवलं होतं. अर्धा मिनिट. चर्चमध्ये बसल्यासारखी बसले होते मी, हात मांडीत घेऊन. ते कशाला होतं?"

मी सांगितलं. खोली काय असते, भोकं कशी भरतात, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मग ते तुकडे करून फेकलं?"

"तुमची मुलाखत पुसली. खोली आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ती माझ्या पिशवीकडे बघायला लागली. पिशवीत माझं छोटं टेपचं यंत्र होतं, आणि त्यात ते तीस सेकंद होते. घरून निघताना मी ते का भरून घेतलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"मशीन दोन दिवसांत घेऊन गेले दवाखान्याचे लोक," एफी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला लागत असणार. बरोबरच आहे. पण मला झोप येत नाही गं. कानाला सवय झालीय. लाव ते."

मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. तिने हात मांडीत घेतले.

घरघर सुरू झाली. फुस्स. एक, दोन, तीन, चार. फुस्स. त्या स्वयंपाकघराला ते लगेच बसलं, जणू मधले महिने गेलेच नव्हते. एफी नवीन फ्रिजकडे बघत होती. फुस्स. मी सवयीने सेकंद मोजत होते, आणि बावीस जवळ आले तसं मला आठवलं पुढे काय आहे. मी थांबवायला हात पुढे केला. तिने माझं मनगट पकडलं. बटाट्याच्या पाण्याने तिची बोटं थंड होती.

कॉट करकरली. कुणीतरी खोकलं. मग दाराआडून, दमलेल्या, चेष्टेखोर आवाजात: "एफी, गेले का गं ते?"

टेपवर तिचं उत्तर नाही. नुसतं फुस्स, आणि टेप संपते. तिला तीस सेकंद गप्प बसायला सांगितलं होतं, आणि ती सांगितलेलं ऐकते.

"नाही रे," एफी म्हणाली, फ्रिजकडेच बघत. "एक बसलीय अजून."

तिने माझं मनगट सोडलं. मी उठले. यंत्र टेबलावरच राहू दिलं, तिने ते परत कसं लावायचं एवढंच विचारलं, मी बटण दाखवलं. दारापर्यंत ती आली नाही.

जिन्यात उभं राहून मी फर्गसला फोन लावला. घंटा वाजत होती, आणि बंद दारामागे घरघर पुन्हा सुरू झाली. मी खाली उतरायला हवं होतं, उतरले नाही. फुस्स. फुस्स. मग तो खोकला, ते वाक्य, आणि त्यामागोमाग एफी, मोठ्याने, मागच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"गेले, विली. गेले सगळे."

"रोना?" फर्गस फोनवर म्हणत होता. "रोना, बोल ना, काय झालं?"

"फर्गस," मी म्हटलं, "चिप्समुळे नव्हतं रे ते."